स्लॅबवरच्या सळया

नव्या गावात शिरलं की लोक आधी देवळाचा कळस बघतात, नाहीतर मशिदीचा मिनार. मी गच्च्या बघतो. कुठल्या घरावर सळया उभ्या आहेत, नव्या निळसर आहेत की गंजून तांबड्या झाल्यात, हे बघितलं की त्या गावातली पोरं कुठं कामाला आहेत आणि तिकडं त्यांचं बरं चाललंय की नाही, याचा मला अंदाज येतो. आमची बायको वैतागते. "लग्नाला आलात का मोजमाप घ्यायला? खाली बघून चाला की जरा!" म्हणते. पण चाळीसेक वर्षांची मानेची सवय आता कुठं मोडायची?

मी महेबूब मिस्त्री, उदगीरचा. आधी गवंडी, मग गुत्तेदार. आमच्याकडं बांधकामाचं कंत्राट घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात. आता गुडघे गेले, परांचीवर चढणं बंद झालं, म्हणून हातात लेखणी आली. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सोपं लिहा." आता मला अवघड लिहिता येतं असं यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

तर या सळयांचं सांगतो. घराचे कॉलम उभे करताना त्यांच्या पोटात लोखंडी सळया असतात. स्लॅब पडला की त्या सळया तिथंच कापत नाहीत. छातीएवढ्या वर ठेवतात, म्हणजे पुढं कधी वरचा मजला चढवायचा झाला तर त्यांना नवी सळई बांधून कॉलम वर नेता येतो. शहरात इमारत एका दमात वर जाते, त्यामुळं हे कुणाच्या डोळ्यांत येत नाही. आमच्याकडं घर एका दमात होत नाही. रियाधला, नाहीतर हैदराबादला, नाहीतर पुण्यात भोसरीला पगार झाला की आठवडाभरात इकडं वाळूचा ट्रॅक्टर येतो. पगार लांबला की भिंत खिडकीपाशी थांबते. अशी घरं सहा-सहा वर्षं चालतात. आणि झालं म्हणून माणूस राहायला आला तरी वर सळया राहतातच. त्या का ठेवल्या म्हणून विचारलं तर मालक हमखास एकच सांगतो, "मिस्त्री, पुढं बघू की."

लोकांना वाटतं, आमचा धंदा इथल्या पिकपाण्यावर चालतो. थोडाफार चालतो, नाही असं नाही. अर्धापूरकडं एका केळीवाल्याचं घर बांधलं, त्याचा पैसा केळीच्या भावाबरोबर वर-खाली व्हायचा. पण उदगीर, देगलूर, निलंगा या भागात निम्मी घरं बाहेरच्या पैशावर उभी आहेत. सोयाबीनचा भाव पडलेल्या साली मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माशा मारत बसलेले आडते मी बघितलेत, आणि त्याच साली माझ्याकडं चार-चार कामं चालू होती, कारण घरी वाईट दिवस आले की बाहेरचं पोरगं पोटाला चिमटा घेऊन जास्त पाठवतं. उलटंही बघितलं. पिकं झकास, आणि पुण्यातल्या बिल्डरांनी कामं बंद केली म्हणून पोरं गाठोडी घेऊन परत. लॉकडाऊनात तर विचारूच नका. तेव्हा आईबाप इथली शेळी विकून पोराला तिकडं पैसे पाठवत होते.

यातली खरी गंमत, गंमत कसली, वैतागच, तो असा. बाहेर तेजी असली की माझ्याकडं कामं लई, पण माणूस मिळत नाही, कारण सगळे गेलेले. बाहेर मंदी आली की हात जोडून उभी असलेली माणसं दारात, आणि काम एकही नाही. त्या दिवसांत माझ्या अंगणात सेंट्रिंगच्या प्लेटा, म्हणजे स्लॅबला खालून आधार द्यायचे लोखंडी पत्रे, त्यांची थप्पी लागायची. बायको त्यावर पापड वाळत घालायची. थप्पी पापडाला सोयीची झाली की आमच्या घरात पाव्हण्यालाही बिनदुधाचा चहा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. नांदेडला एकानं दुबईत राहून आल्यावर एकमजली घराला लिफ्टचा खड्डा ठेवायला लावला. "मिस्त्री, पुढं सात मजले जाणार," म्हणाला. हसू दाबून मी खड्डा बांधला. मजला काही चढला नाही. आता त्या खड्ड्यात त्याची आई शेळ्या बांधते आणि शेळ्यांना ती जागा लई पसंत आहे. लातूरला तीन भावांचं घर केलं. तिघं तीन शहरांत, प्रत्येकानं आपापल्या खोलीचे पैसे पाठवायचे ठरलेलं. प्रत्येकानं फरशी वेगळ्या रंगाची निवडली आणि उंचीही वेगळी. त्या घरात आजही स्वयंपाकघरातून देवघरात जाताना ठेच लागते.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते घर व्यंकटचं.

व्यंकट माझ्याच हाताखाली तयार झाला. उदगीरजवळच्या एका खेड्यातला, गावाचं नाव नको. घरी कोरडवाहू तुकडा, त्यावर भागत नव्हतं. सेंट्रिंगमध्ये हा पोरगा म्हणजे चीज होता. तो मला उस्ताद म्हणायचा. एका एजंटानं त्याला सौदीला नेलं, मोठ्या कंपनीत, टॉवरच्या सेंट्रिंगला. जाताना म्हणाला, "उस्ताद, एक करार. दोन वर्षं. घर झालं की परत." पोरगी तेव्हा रांगत होती, प्रतीक्षा तिचं नाव. बायको महानंदा मला मिस्त्रीमामा म्हणायची, अजून म्हणते.

घराचं काम मलाच दिलं. बुनियाद दोन मजल्यांची टाकायला लावली. मी म्हणालो, "अरे, तिघांना वरचा मजला कशाला?" तर फोनवर म्हणाला, "उस्ताद, मी तिकडं चाळीस-चाळीस मजले चढवायलोय. माझ्या घराला दुसरा नको?" मी खड्डे खोल घेतले.

स्लॅबच्या दिवशी आमच्यात एक रीत आहे. पहिलं घमेलं मालकानं टाकायचं, मग मिस्त्रीनं. मालक तर रियाधला. महानंदानं मोबाइल बांबूला बांधला, नारळ फुटला आणि प्रतीक्षानं वाटीभर माल टाकला. बाप तिकडून टाळ्या वाजवत होता. पुढं दिवसभर तो फोनवरून आमच्यावर ओरडत राहिला, "कोपऱ्यात व्हायब्रेटर फिरवा! उस्ताद, त्या टेकूला पाचर मारा!" माझी माणसं म्हणाली, "मामा, याचा फोन बंद करा, न्हाईतर आम्ही खाली उतरतो." संध्याकाळी मटणाचं जेवण झालं. पंगतीत एक पत्रावळ त्याच्यासाठी मांडली, समोर मोबाइल ठेवला. त्यानं तिकडं खुबूस, म्हणजे अरबांची रोटी, खाल्ला, आम्ही इकडं रस्सा ओरपला.

घर झालं. महानंदा पोरीला घेऊन राहायला आली. करार संपला. व्यंकट आला का? नाही आला. वर सळया होत्या ना! "दुसरा मजला झाला की येतोच," म्हणाला आणि दुसरा करार केला. मला खोटं कशाला बोलायचंय, मलाही आनंदच झाला. माझं पुढचं काम पक्कं झालं होतं. सळया गंजू नयेत म्हणून मी जाऊन त्यांना सिमेंटचं पाणी लावून आलो.

मग सौदीत काहीतरी बिघडलं. तेलाचा भाव म्हणा, सरकारनं कामं थांबवली म्हणा, आम्हाला नेमकं कुठलं कळायला? मला कळलं ते विटांवरून. वरच्या मजल्यासाठी व्यंकट दर महिन्याला थोडा माल घ्यायला सांगायचा, तो अंगणात पडायचा. आधी पगाराला लागून पैसे यायचे. मग उशिरा यायला लागले. मग तुकड्यातुकड्यानं, कधी याच्या खात्यावरून तर कधी त्याच्या. म्हणजे उसनवारी करून पाठवायलाय, हे मी ओळखलं. त्याच्या कंपनीनं महिनोन् महिने पगार दिला नव्हता. कामगारांच्या कॅम्पमधली मेस बंद पडली होती. शेवटी कंपनीनं सांगितलं, ज्याला घरी जायचं त्यानं थकलेल्या पगारावरचा हक्क सोडल्याची सही करावी आणि तिकीट घ्यावं. ज्याला पगार पाहिजे त्यानं बसावं.

व्यंकट बसला.

हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. त्याच्याच खोलीतल्या दुसऱ्या पोरानं सही केली, तो उदगीरला परत आला आणि तिला सगळं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदा माझ्या दारात.

"मिस्त्रीमामा, सळया कापायच्या हायेत."

मला वाटलं, चेष्टा करतीय. "कोणत्या सळया?"

"वरच्या. सगळ्या. आजच."

मी तिला बसवलं, चहा दिला, समजावलं. म्हणालो, "बाई, कापलेली सळई परत वाढत न्हाई. पुढं मजला चढवायचा म्हणलीस तर कॉलम फोडावा लागंल. अन् मालक तिकडं असताना मी त्याच्या सळयांना हात लावू का?"

"घर कुणाच्या नावावर हाय?"

घर तिच्या नावावर होतं. व्यंकटनंच केलेलं.

"मग मालक मी हाय," ती म्हणाली. "मामा, त्या सळया तिथं उभ्या हायेत तवर ते तिकडं उभे हायेत. पगार बुडाला तर बुडाला. मला मजला नको, माणूस पाहिजे. पोरगी शाळेत 'माझे वडील' निबंधात मोबाइलचं वर्णन करून आली, तुम्हाला माहीत हाय का?"

एवढं बोलली आणि मग मात्र तिला रडू फुटलं. माझ्या बायकोनं तिला आत नेलं, आणि जाता जाता माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच त्याला सौदीत कोंडून ठेवलंय.

मी व्यंकटला फोन लावला. "येऊन जा बाबा. सही कर अन् ये."

"उस्ताद, हातात काय घेऊन येऊ?" तो म्हणाला. "सगळा गाव म्हणंल, एवढी वर्षं राहून वरचा मजला झाला न्हाई. पगार मिळंल. थोडं थांबतो. तुम्ही फक्त सळयांवर लक्ष ठेवा."

पगार सोडून आला असता तर मजला राहिला असता आणि उघड्या सळया गावाला दिसत राहिल्या असत्या, आणि मजला चढवायचा तर तिथं कॅम्पमध्ये उपाशी बसायचं. एवढा हुशार पोरगा, पण त्याचं डोकं याच्यापुढं जाईना.

दुपारी गेलो त्याच्या घरी. महानंदानं वेल्डिंगवाल्याचा पोऱ्या कटरसकट आणून बसवलेला. तो बिचारा नुसताच बसला होता, कारण खाली निम्मं गाव जमलेलं आणि जो तो सांगत होता की बाई, नवरा जित्ता असताना घराच्या सळया कापायच्या नसतात, अपशकुन असतो. असला काही अपशकुन मी तरी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तिथंच तयार केला. महानंदा कठड्याशिवायच्या गच्चीवर पदर खोचून उभी होती.

मी कटरवाल्याला खाली पाठवलं. तिला म्हणालो, "पोरी, कापत न्हाई. वाकवतो. कडेच्या सळया कठड्यात घेतो, मधल्या दोन कॉलमवर बसायचा कट्टा करतो. अंगणातल्या विटा हायेतच. दिसणार न्हाईत. अन् उद्या तुझंच मन बदललं तर आत शाबूत राहतील."

तिनं एका सळईला हात लावून बघितला. मग म्हणाली, "त्यांना दिसू नयेत म्हणजे झालं."

एक गोष्ट त्या वेळी मी तिला बोललो नाही. वाकवलेली सळई परत सरळ केली की तिच्यात पहिला दम राहत नाही. मजल्याचा भार तिच्यावर मी टाकला नसता. पण कापायला माझा हात धजेना. चाळीस वर्षं ज्या सळया जपल्या, त्यावर माझं घर चाललं, त्या कापायच्या कशा? वाकवताना मी स्वतःची समजूत काढत होतो, तिची नाही.

कठडा झाला, कट्टा झाला, गिलावा झाला. महानंदानं फोन लावला आणि गच्ची फिरवून दाखवली. व्यंकटनं गच्ची परत एकदा फिरवून दाखवायला लावली. मग म्हणाला, "उस्ताद, सळया कुठं हायेत?"

मी म्हणालो, "न्हाईत. मालकिणीनं काढायला लावल्या."

फोन बंद झाला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याचा फोनच नाही. महानंदा रोज माझ्याकडं यायची. "मामा, माझं चुकलं का? ते जिवाचं काही करून तर घेणार न्हाईत?" मी वरवर म्हणायचो, "काय न्हाई होत, कॅम्पात रेंज नसंल." आणि ती गेली की स्वतःच त्याला फोन लावून बघायचो.

एका सकाळी फोन आला. "उस्ताद, सही केली. येतोय."

हैदराबादहून रेल्वेनं आला. उदगीर स्टेशनावर आम्ही सगळे. गेला तेव्हा पैलवानासारखा होता, उतरला तेव्हा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. महानंदानं त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली. प्रतीक्षा आईमागं लपली. त्यानं हाक मारली तरी पुढं येईना. मग तिनं काय करावं? आईचा मोबाइल घेतला आणि समोर उभ्या असलेल्या बापाला फोन लावला. त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं उचलला. "पप्पा, तुम्ही आलात का?" तिनं विचारलं. "हाव, आलो," तो म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून प्लॅटफॉर्मवर खाली बसला. मी तिकडं तोंड फिरवून रुमाल काढला. म्हातारपणी असलं झेपत नाही.

घरी आल्यावर तो सरळ गच्चीवर गेला. मी मागोमाग. कट्ट्यावर बसला. बोटाच्या पेरानं गिलाव्यावर टकटक केलं, एकदा इथं, एकदा तिथं. माझ्याच हाताखालचा कारागीर तो! माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "उस्ताद, बसायचा कट्टा कुणी कॉलमवर बांधतं का?"

मी म्हणालो, "चल, जेवायला वाढलंय."

महानंदाला तो त्यावरून काही बोलला नाही. माझ्याबरोबर काम करायला लागला. दिवस वाईटच होते. त्याच्यासारखे बरेच परत आलेले, मजुरी पडलेली. सौदीत चाळिसाव्या मजल्यावर सेंट्रिंग ठोकणारा माणूस इथं संडासाचे स्लॅब टाकत होता. महानंदा शिवणकाम करायची, सोयाबीनच्या काढणीला जायची. तंगी होती, भांडणं होती. पण प्रतीक्षा संध्याकाळी त्याच्या खांद्यावर बसून किराणा दुकानात जायची, आणि दुकानदाराला म्हणायची, "हे माझे पप्पा हायेत."

मग तिकडं वारं फिरलं. परत मोठी कामं निघाली, एजंटांचे फोन सुरू झाले. माझी माणसं एकेक करून गळायला लागली. पासपोर्टला फोटो काढायला पोरांची रांग. व्यंकटलाही फोन आला, फोरमनची जागा, आधीपेक्षा कितीतरी जास्त पगार. त्यानं कुणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसता कट्ट्यावर बसून राहायचा. महानंदाच्या तोंडावरचं हसू गेलं. मला म्हणाली, "मामा, या वेळी मी अडवणार न्हाई. माझ्यात आता ताकद न्हाई."

एका रविवारी व्यंकट माझ्याकडं आला. खांद्यावर छिन्नी-हातोड्याची पिशवी, हातात कटर. "चला उस्ताद. तुमचं एक काम अर्धवट राहिलंय."

गच्चीवर गेलो. त्यानं स्वतः कट्टा फोडला. आतल्या सळया सिमेंटात अगदी नव्या राहिल्या होत्या, निळसर. मग कठडा ठिकठिकाणी उकरला. मला वाटलं, संपलं. आता हा त्या सरळ करणार, मला वरच्या मजल्याचं काम देणार आणि विमानात बसणार. सांगतो, त्या क्षणी मला मजल्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही.

तेवढ्यात महानंदा चहा घेऊन वर आली. उघड्या सळया बघितल्या आणि जागच्या जागी थांबली. ताट खाली ठेवून तिनं एवढंच विचारलं, "कधी निघायचंय?"

"कुठं?" व्यंकट म्हणाला. "अगं, या खाली हायेत म्हणून रोज इथं बसलो की मन तिकडं जातंय. उस्तादनं जपून ठेवल्या, ते त्यांच्या मायेनं. पण आता नको." त्यानं कटरची वायर तिच्या हातात दिली. "तूच म्हणली होतीस ना कापा? लाव बोर्डात."

तिनं वायर लावली. व्यंकट माझ्याकडं बघत थांबला, परवानगी मागितल्यासारखा. मी मान हलवली. ठिणग्या उडाल्या, आणि खालून प्रतीक्षा ओरडली, "पप्पा, दिवाळी आधीच चालू केली का?"

एक मजला गेला माझा. आयुष्यात हातची कामं पुष्कळ गेली, प्रत्येक वेळी मी आठवडाभर घरच्यांवर खेकसलो. त्या दिवशी मात्र परतताना मोंढ्यातून पेढे घेतले. बायकोनं विचारलं, "नवं काम मिळालं का?"

"न्हाई," मी म्हणालो, "होतं ते सुटलं. खा."